घरची भांडणं आणि जेरुसलेमच्या बखरी

१४ जून १०९८. अँटिऑक शहरातल्या सेंट पीटरच्या चर्चमध्ये तेरा माणसं सकाळपासून जमीन खणत होती. तटाबाहेर मोसुलच्या करबूगाचं सैन्य वेढा घालून बसलं होतं. आत क्रुसेडवर, म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायच्या धर्मयुद्धावर, निघालेले फ्रँक लोक, म्हणजे पश्चिम युरोपातले ख्रिस्ती, घोडे मारून खात होते. जे शहर त्यांनी जेमतेम दहा-अकरा दिवसांपूर्वी जिंकलं, त्याच शहरात ते आता कोंडले गेले होते. पीटर बार्थोलोम्यू नावाचा एक गरीब प्रोव्हान्साल, म्हणजे दक्षिण फ्रान्सचा, माणूस म्हणत होता, की संत अँड्र्यूनं आपल्याला दर्शन दिलं आणि ज्या भाल्यानं ख्रिस्ताची कूस भेदली तो भाला याच चर्चच्या जमिनीत आहे असं सांगितलं. संध्याकाळ झाली तरी काही सापडेना. तूलूजचा काउंट रेमंड तटाच्या बंदोबस्तासाठी निघून गेला. दमलेल्यांच्या जागी ताज्या दमाची माणसं आली. शेवटी पीटर स्वतः नुसत्या सदऱ्यावर, अनवाणी, खड्ड्यात उतरला. आणि भाल्याचं टोक दिसलं.

हे सगळं आपल्याला सांगतो तो अगिलेरचा रेमंड. हा काउंट रेमंडचा धर्मगुरू. दोघांची नावं एकच, त्यामुळे वाचताना सुरुवातीला गोंधळ उडतो. तो खड्ड्याशेजारीच होता. तो लिहितो, की टोक जमिनीतून जेमतेम वर आलं होतं तेव्हाच मी त्याचं चुंबन घेतलं. भाला पुरता निघेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही. दोन आठवड्यांनी, २८ जूनला, फ्रँक सैन्य वेशीबाहेर पडलं आणि करबूगाचा पार धुव्वा उडाला. त्या लढाईत भाला आपणच हाती धरला होता, असंही रेमंड सांगतो.

आता दुसरा साक्षीदार. शार्त्रचा फुल्शर, हाही धर्मगुरू, पण बाल्डविन या दुसऱ्या क्रुसेडी सरदाराच्या पदरचा. त्या जूनमध्ये तो अँटिऑकला नव्हताच, एडेसाला होता. तो भाल्याची हकिगत सांगतो ती नाक मुरडत. कुणी मुद्दाम तिथं लपवूनही ठेवला असेल, अशी पुस्ती जोडून तो पुढे सरकतो.

तिसरा इब्न अल-अथीर, मोसुलचा मुसलमान इतिहासकार. त्याच्या सांगण्यात संत अँड्र्यूचा पत्ताच नाही. तिथं एक धूर्त साधू आहे. त्यानं आधीच भाला पुरून वरच्या खाणाखुणा बुजवून टाकल्या. मग लोकांना सांगितलं, की मसीहाचा भाला इथं पुरलाय, मिळाला तर जिंकाल, नाही मिळाला तर मेलात. तीन दिवस उपास आणि पश्चात्ताप करायला लावला. चौथ्या दिवशी सगळ्यांना आत नेऊन जागोजाग खणलं आणि भाला ‘सापडला’.

आपल्यासारख्या आजच्या वाचकाला तिसरा माणूस लगेच पटतो. बुवाबाजीची मोडस ऑपरेंडी अगदी ओळखीची वाटते. पण इब्न अल-अथीर जन्मला ११६० साली, म्हणजे खड्डा बुजून साठ वर्षं झाल्यावर, आणि त्यानं हे लिहिलं ते शंभराहून जास्त वर्षांनी. त्या चर्चमध्ये त्याच्या बाजूचं कुणीही नव्हतं. त्याच्या मजकुरात खरा जोर दिसतो तो पुढच्या परिच्छेदात. फ्रँक वेशीतून पाच-पाच, सहा-सहाच्या टोळ्यांनी बाहेर पडत होते. मुसलमान सरदार करबूगाला म्हणाले, दारातच उभे राहू, येईल त्याला कापू. करबूगा म्हणाला, नको, सगळे बाहेर येऊ देत. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना त्यानं जातीनं जाऊन अडवलं. त्याच्या उद्दामपणामुळे बाकीचे सरदार आधीच बिथरलेले होते. ऐन लढाईत ते पांगले. करबूगा मोसुलचा अधिपती आणि लिहिणाराही मोसुलचाच. इब्न अल-अथीरला भाल्याशी फारसं देणंघेणं नाही. त्याचा राग आहे तो आपल्याच गावच्या धन्यानं हातची लढाई घालवली यावर.

आणि रेमंड? तोही मुसलमानांना काही पटवून देत नव्हता. त्याचं भांडण होतं छावणीतल्या नॉर्मन लोकांशी. भाला प्रोव्हान्साल माणसाला सापडला, तो प्रोव्हान्साल काउंटच्या ताब्यात राहिला, आणि काउंटचं नॉर्मन पुढारी बोहेमंडशी अँटिऑक कुणाचं यावरून वाजलेलं. त्यामुळे भाला खरा की खोटा हा प्रश्न भक्तीचा कमी आणि पुढारीपणाचा जास्त झाला होता. नॉर्मंडीच्या ड्यूकचा धर्मगुरू आर्नुल्फ उघड शंका घेऊ लागला, तेव्हा पीटर बार्थोलोम्यूनं अग्निदिव्य करायची तयारी दाखवली. ८ एप्रिल १०९९, गुड फ्रायडे. ऑलिव्हच्या वाळक्या फांद्यांचे दोन ढीग रचले गेले, चार फूट उंच, तेरा फूट लांब, मधे जेमतेम फूटभर वाट. मापं रेमंडनंच दिली आहेत. पीटर भाला घेऊन त्या वाटेतून चालत गेला आणि बाराव्या दिवशी मेला. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. तो कशानं मेला यावर मात्र दोन तट. फुल्शर म्हणतो, भाजून. रेमंड म्हणतो, छे! आगीतून तो धडधाकट बाहेर आला होता. त्याच्या अंगाला हात लावायला लोक असे तुटून पडले की पाय फाटले, पाठीचा कणा मोडला.

दोघंही ख्रिस्ती धर्मगुरू, दोघंही लॅटिनमध्ये लिहिणारे, दोघंही एकाच मोहिमेवरचे. ‘पाश्चात्त्य साधनं’ आणि ‘अरबी साधनं’ अशी आपण जी सरळ फाळणी करतो, ती इथं पहिल्याच उदाहरणात ढासळते. ही फाळणी मुळात छापखान्यातली आहे. पॅरिसच्या अकादमीनं १८४१ ते १९०६ या काळात धर्मयुद्धांच्या इतिहासकारांचे सोळा जाडजूड खंड काढले. पाश्चात्त्य वेगळे, पौर्वात्य वेगळे, ग्रीक वेगळे, आर्मेनियन वेगळे. कपाटात ते शिस्तीत उभे राहिले आणि वाचणाऱ्यांच्या डोक्यातही तसेच बसले. मग एक सवय लागली: याचं एक पान वाचायचं, त्याचं एक पान वाचायचं, आणि ‘सत्य मधे कुठेतरी असणार’ म्हणून पुस्तक मिटायचं. दिसायला हा समंजसपणा आहे. माझ्या मते तो आळस आहे.

जेरुसलेमचंच घ्या. १५ जुलै १०९९ ला शहर पडलं आणि कत्तल झाली. किती माणसं मेली? इब्न अल-अथीर सांगतो, एकट्या अल-अक्सा मशिदीत सत्तर हजारांहून जास्त, त्यात इमाम, विद्वान, घरदार सोडून तिथं येऊन राहिलेले विरक्त. फुल्शर म्हणतो, ‘सॉलोमनच्या मंदिरात’, म्हणजे त्याच अल-अक्सात, जवळपास दहा हजार. अबू बक्र इब्न अल-अरबी हा अंदलुसचा, म्हणजे मुसलमान स्पेनचा, विद्वान काही वर्षं आधी जेरुसलेममध्ये राहून शिकला होता, तिथले लोक त्याच्या ओळखीचे होते. तो म्हणतो तीन हजार. आता सत्तर, दहा आणि तीन यांची सरासरी काढणार का? शहरात एकूण सत्तर हजार माणसं असण्याचीच शक्यता फार कमी.

रक्ताचंही तेच. पहिल्या क्रुसेडची सर्वांत गाजलेली निनावी हकिगत, जिला ‘गेस्ता फ्रँकोरम’ म्हणतात, ती रक्त घोट्यापर्यंत असल्याचं सांगते. फुल्शरही घोट्यापर्यंतच. रेमंडकडे मात्र ते स्वारांच्या गुडघ्यांपर्यंत आणि घोड्यांच्या लगामापर्यंत चढतं. हा लगाम आला बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून. प्रकटीकरणाच्या १४ व्या अध्यायाचं २० वं वचन पाहा, तिथं देवाच्या कोपाच्या द्राक्षकुंडातून निघालेलं रक्त नेमकं घोड्यांच्या लगामापर्यंत पोचतं. रेमंड मोजमाप देतच नव्हता. जगाच्या अंताबद्दल जे भाकीत होतं ते आमच्या हातून पुरं झालं, असं तो आपल्या धर्मबांधवांना सांगत होता, आणि त्या बांधवांना तो संदर्भ पाठ होता. शेकडो वर्षांनी ते वाक्य एकीकडे क्रौर्याचा पुरावा म्हणून आणि दुसरीकडे अतिशयोक्तीचा नमुना म्हणून फिरत राहिलं.

बरं, मग फुल्शरचे दहा हजार तरी कुठून आले? त्या दिवशी तो तिथं नव्हता. तो जेरुसलेमला आला नाताळच्या सुमारास, पाच महिन्यांनी. आणि त्या वेळचं जे तो लिहितो ते वाचून मी थांबलो होतो. तटाच्या आत-बाहेर अजून प्रेतं कुजत पडली होती, आणि आम्हाला नाक-तोंड दाबून चालावं लागलं, असं तो सांगतो. दहा हजार हा त्यानं ऐकलेला आकडा. दुर्गंधी त्याच्या स्वतःच्या नाकातली. एकाच लेखकाच्या एकाच प्रकरणात ही दोन वेगळ्या वजनाची विधानं शेजारी-शेजारी बसलेली असतात. ती वेगळी करता आली तर लेखक कुठल्या बाजूचा हा प्रश्न बराच मागे पडतो.

इब्न अल-अथीरच्या सत्तर हजारांनाही असाच एक शेजारी आहे. त्याच परिच्छेदात तो लुटीची यादी देतो: चांदीचे चाळीस दीप, प्रत्येकी तीन हजार सहाशे दिरहम वजनाचे, चाळीस शामी (सीरियाच्या) रतल वजनाचा एक चांदीचा मोठा दीपवृक्ष, छोटे दीप दीडशे, सोन्याचे वीसहून जास्त. माणसं सत्तर हजार आणि दिवा तीन हजार सहाशे दिरहम! पहिला आकडा शोकाचा, दुसरा कुठल्या तरी वहीतला. मशिदीच्या दिव्यांचं वजन कुणीतरी कधीतरी नोंदवून ठेवलं होतं. माणसांची शिरगणती करून ठेवणारं कुणी नव्हतं.

आणि तो शोक कुणासाठी? लगेच पुढे हकिगत येते, की जेरुसलेमहून निघालेले निर्वासित रमजानात बगदादला पोचले, खलिफाच्या दरबारात रडले, सगळे ऐकणारे रडले. पुढे काहीही झालं नाही. सुलतान आपापसांत लढत होते, आणि राज्यकर्त्यांच्या फुटीमुळेच फ्रँकांना हे देश घेता आले, असं इब्न अल-अथीर सरळ लिहितो. सत्तर हजार हा आकडा फ्रँकांवरच्या आरोपपत्रात जितका आहे, त्याहून जास्त बगदादच्या तोंडावर मारलेला आहे. त्याला फ्रँकांची निंदाच करायची असती तर त्यानं आणखी एक ओळ गाळली असती. दाऊदच्या बुरुजात अडकलेल्या शिबंदीनं तीन दिवस झुंज दिली, अभय मिळाल्यावर बुरूज सोडला, आणि फ्रँकांनी दिला शब्द पाळून त्यांना रातोरात अस्कलानला जाऊ दिलं, हे तोच नोंदवतो.

दमास्कसचा इब्न अल-कलानिसी या घटनेला सर्वांत जवळचा. १०९९ साली तो ऐन तिशीच्या आसपास होता, पुढे दोनदा शहराचा रईस, म्हणजे नगरप्रमुख, झाला. त्याची नोंद सर्वांत आखूड. पुष्कळ लोक मारले गेले. यहुदी त्यांच्या प्रार्थनास्थळात जमले होते, ते त्यांच्यासकट जाळलं. बस. कोरड्या कारकुनी भाषेतल्या दोन-चार ओळी. जो जितका लांब, तो तितका लांबलचक, असा एक नियम मांडायचा मोह होतो.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा तिढा नवा नाही. राजवाड्यांनी १८९८ साली पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं छापली आणि प्रस्तावनेत बखरींवर जे आसूड ओढले ते आपण वाचलेले आहेत. बखर पाठीमागून रचलेली, पत्र त्या दिवसाचं. क्रुसेडच्या अभ्यासालाही असाच एक पत्रांचा साठा मिळाला, आणि तो ना लॅटिन छावणीतला, ना मुसलमान दरबारातला.

जुन्या कैरोत, फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, एक खोली होती. देवाचं नाव लिहिलेला कागद फाडून टाकायचा नाही म्हणून यहुदी लोक जुने कागद तिथं टाकत. शतकानुशतकं टाकत राहिले. त्याला गेनिझा म्हणतात. १८९६-९७ मध्ये त्यातला मोठा भाग केंब्रिजला गेला, आणि १९५० च्या सुमारास गोइटाइन या विद्वानाला त्यात जेरुसलेमच्या पाडावाशी थेट संबंध असलेली पत्रं सापडली. हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. त्यांतलं एक ११०० सालचं, अस्कलानच्या कराईट या यहुदी पंथाच्या पंचांनी मिसरच्या (इजिप्तच्या) आपल्या मंडळींना धाडलेलं. त्यात रणवर्णन नाही. हिशेब आहे. किती कैदी सोडवले, किती अजून अडकलेत, कोण वाटेत आजारानं दगावलं, कर्ज किती झालं, अजून पैसे पाठवा. माणसांबरोबर ग्रंथही विकत सोडवले: तोराच्या आठ गुंडाळ्या आणि तीनशेहून जास्त पोथ्या. म्हणजे जेरुसलेमचे सगळे यहुदी जळून मेले नव्हते. फ्रँकांनी माणसं आणि पुस्तकं दोन्ही विकायला काढली होती. त्याच पत्रात एक ओळ आहे, की या शापित अश्केनाझ (म्हणजे फ्रँक) लोकांनी इतरांसारखी बायकांची अब्रू घेतल्याचं आमच्या तरी कानावर नाही. पैसे मागणाऱ्या पत्रात शत्रूच्या पदरात हे माप टाकून लिहिणाऱ्याचा काय फायदा होणार होता? काहीच नाही. म्हणून त्या ओळीचं मोल.

(याच खोलीतल्या कागदांतून गोइटाइननं हिंदी महासागरातल्या व्यापाऱ्यांची पत्रंही बाहेर काढली. त्यांतला अब्राहम बेन यिजू ११३२ पासून वर्षानुवर्षं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, मंगळुरात, राहिला. मिरी, सुपारी, लोखंड यांच्या उलाढाली करत. एकीकडे जेरुसलेमची खंडणी, दुसरीकडे मंगळूरची सुपारी, दोन्हींची कागदपत्रं एकाच ढिगाऱ्यात. पण तो विषय निराळा, आणि मोठा.)

पैसा मधे आला की आकडे शुद्धीवर येतात, हे ११९१ च्या आक्राच्या प्रकरणात आणखी स्पष्ट दिसतं. जुलैमध्ये आक्रा हे मुसलमानांकडचं बंदर फ्रँकांच्या हाती पडलं. करार ठरला: मुसलमानांचा सुलतान सलाहुद्दीननं दोन लाख दिनार द्यायचे, सोळाशे ख्रिस्ती कैदी सोडायचे, त्यांतले शंभर नावानिशी मागितलेले, आणि ‘खरा क्रूस’, म्हणजे ख्रिस्ताला ज्यावर चढवलं असं मानत तो क्रूस, परत करायचा, बदल्यात आक्राच्या शिबंदीला जीवदान. हप्ते, मुदती, जामीन यांवरून घासाघीस सुरू राहिली. २० ऑगस्टला इंग्लंडचा राजा रिचर्डनं कैद्यांना दोरखंडांनी बांधून शहराबाहेर नेलं आणि सगळ्यांची कत्तल केली. रिचर्डचं स्वतःचं पत्र सांगतं, सुमारे दोन हजार सहाशे. इंग्रज बाजूची हकिगत सांगते, दोन हजार सातशे. सलाहुद्दीनच्या सैन्याचा काझी बहाउद्दीन इब्न शद्दाद सांगतो, सुमारे तीन हजार. जेरुसलेमच्या तीन आणि सत्तरच्या तुलनेत हे जवळजवळ एकमतच. कारण उघड आहे. ही माणसं म्हणजे तारण ठेवलेली रक्कम होती, आणि दोन्हीकडे ती मोजलेली होती.

मतभेद उरतो तो शब्द कुणी मोडला यावर. रिचर्ड म्हणतो सलाहुद्दीननं मुदत पाळली नाही, इब्न शद्दाद म्हणतो इंग्रज राजानं दगा दिला. पण इब्न शद्दाद इथं एक गोष्ट करतो ती मला फार आवडते. तो कत्तलीची कारणं देतो, दोन. काही म्हणतात, फ्रँकांची जी माणसं आधी मारली गेली होती त्यांचा हा सूड. काही म्हणतात, राजाला अस्कलानकडे कूच करायचं होतं आणि एवढे कैदी पिछाडीला ठेवणं त्याला धोक्याचं वाटलं. खरं काय ते देव जाणे. संतापानं लिहायला हक्क असलेला माणूस शत्रूचं लष्करी कारणही नोंदवतो आणि निवाडा न करता पुढे जातो.

हाच इब्न शद्दाद सलाहुद्दीनचा निस्सीम भक्त आहे, हे विसरून चालत नाही. आक्राच्याच वेढ्यात मुसलमान चोरांनी रात्री फ्रँकांच्या तंबूतून तीन महिन्यांचं तान्हं मूल पळवलं. त्याची आई रडत-भेकत सुलतानाच्या तळावर आली. मूल तोवर बाजारात विकलंही गेलं होतं. सलाहुद्दीननं विकत घेणाऱ्याला पैसे देऊन मूल परत आणवलं. तिनं ते छातीशी धरलं, रडली, पाजलं, आणि मग तिला घोड्यावर बसवून परत धाडलं. ‘मी तिथं उभा होतो’, असं इब्न शद्दाद सांगतो. गोष्ट धन्याच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून सांगितली आहे, आणि मला ती खरी वाटते, पण धन्याच्या दयेमुळे नाही. तिच्यात सुलतानाचेच लोक तान्ही मुलं चोरून बाजारात विकतात, हे सहज येऊन जातं, म्हणून. स्तुती करताना हा तपशील झाकावा असं त्याला वाटलं नाही.

याच्या उलट टोकाला माआराची गोष्ट. डिसेंबर १०९८ मध्ये माअरत अल-नुमान हे शहर फ्रँकांनी घेतलं, तिथं उपासमार झाली, आणि काहींनी मेलेल्या शत्रूंचं मांस खाल्लं. हे कुणी लिहिलंय? फुल्शरनं, रेमंडनं, गेस्ताच्या निनावी लेखकानं. सांगताना अंगावर काटा येतो असं म्हणत फुल्शर लिहितो, की प्रेतांच्या कुल्ल्यांचे तुकडे कापून शिजवले आणि नीट भाजून व्हायच्या आतच अधाशासारखे खाल्ले. इब्न अल-अथीर माआराबद्दल लिहितो, तीन दिवस कत्तल, लाखाहून जास्त मेले. आकडा पुन्हा तोच शोकाचा. नरमांसभक्षणाचा उल्लेखही नाही. शत्रूला बदनाम करायची याहून मोठी संधी कुठली? ती त्याच्याकडे नव्हती. घरच्यांनीच ती लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती.

ज्या भाषणानं पहिली क्रुसेड सुरू झाली, त्या क्लेरमाँच्या भाषणाबद्दल फार वेळ घालवत नाही. पोप अर्बन दुसरा २७ नोव्हेंबर १०९५ ला नेमकं काय बोलला याच्या चार-पाच आवृत्त्या आहेत, सगळ्या जेरुसलेम जिंकल्यानंतर लिहिलेल्या. फुल्शरच्या आवृत्तीत जेरुसलेमचं नाव नाही. ऱ्हांसचा मठवासी रॉबर्ट ‘देवाची इच्छा’ ही गर्जना घालतो. त्याच्या मठाधिपतीनं त्याला आधीची हकिगत दाखवून तिची ओबडधोबड भाषा सुधारायला सांगितलं होतं. आज लोकांना आठवतं ते सुधारलेलंच.

उसामा इब्न मुनकिधबद्दल मात्र बोलायलाच हवं. तो अरब सरदार जन्मला १०९५ सालीच, सीरियातल्या शैझरच्या किल्ल्यात, आणि नव्वदीच्या घरात आठवणी सांगून गेला. त्याचं पुस्तक बखर नाही. शिकार, सिंह, काका, दैव, म्हाताऱ्या हातांचा कंप असं सगळं त्यात आहे. हस्तलिखित एकच, स्पेनच्या एस्कोरियालमध्ये १८८० साली मिळालं. त्यातली फ्रँक वैद्याची गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पायाला गळू झालेला सरदार पोटीस लावून बरा होत होता. फ्रँक वैद्य आला, म्हणाला, एका पायानं जगायचं की दोन पायांनी मरायचं? कुऱ्हाड मागवली, दोन घाव घातले, सरदार जागीच गेला. अरबी वैद्यक किती पुढे आणि फ्रँक किती रानटी, हे दाखवायला याहून सोयीचं काही नाही. पण त्याच पानावर उसामा लगेच दुसरी गोष्ट सांगतो. जेरुसलेमच्या फ्रँक राजा फुल्कच्या खजिनदाराला घोड्यानं लाथ मारली, पाय चौदा ठिकाणी फुटला, भरेना. एका फ्रँक वैद्यानं सगळे लेप काढून टाकले, जखमा कडक सिरक्यानं धूत राहिला आणि तो बरा झाला. गंडमाळेवरचा एक फ्रँक उपाय तर उसामानं स्वतः इतरांवर करून पाहिला आणि गुण आला असं सांगितलं. ही दुसरी बाजू उद्धृत करणारे फार थोडे. उसामाला नवलाच्या गोष्टी सांगायच्या होत्या. त्याच्या अर्ध्या गोष्टी उचलून ‘अरबांची फ्रँकांबद्दलची दृष्टी’ आपण तयार केली.

पुन्हा इब्न अल-अथीरकडे वळतो, कारण इतका वेळ त्याच्या आकड्यांवर टीका करून झाली, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. फ्रँक शामवर, म्हणजे सीरियावर, का चालून आले याची त्याची एक कथा आहे. सिसिलीच्या रॉजरकडे बाल्डविन नावाच्या राजाचा निरोप आला, की तुझ्या वाटेनं येऊन आफ्रिका जिंकतो. सल्लागार खूश झाले. रॉजरनं तंगडी उचलली, जोरात पादला आणि म्हणाला, तुमच्या बोलण्यापेक्षा यात जास्त अर्थ आहे! आफ्रिका त्यांनी घेतली तर आपला व्यापार बुडाला. मग निरोप पाठवला, धर्मयुद्धच करायचं तर जेरुसलेमला जा. असा बाल्डविन नावाचा राजा तेव्हा कुणी नव्हता, गोष्ट बनावट आहे. पण तिच्या अलीकडे तो स्पेनमधल्या तोलेदोचा पाडाव आणि सिसिलीचा पाडाव एका माळेत ओवतो, आणि भूमध्य समुद्राच्या अख्ख्या काठावर फ्रँकांची आगेकूच चालली होती हे त्याला दिसतं. क्लेरमाँच्या व्यासपीठाकडेच बघत बसलेल्यांना हे कितीतरी उशिरा दिसलं.

तो मोसुलवर राज्य करणाऱ्या, सलाहुद्दीनशी स्पर्धा असलेल्या झंगी घराण्याच्या बाजूचा, म्हणून सलाहुद्दीनकडे जरा तिरक्या नजरेनं बघणारा. टायर शहर हातचं गेलं त्याला सलाहुद्दीनच जबाबदार, जिंकलेल्या प्रत्येक गावातून त्यानं फ्रँकांना सोडून दिलं आणि ते टायरला जाऊन जमले, असं तो बेधडक लिहितो. आणि हत्तीनच्या लढाईतलं, ४ जुलै ११८७ चं, सलाहुद्दीनचं सर्वांत जिवंत चित्रही त्याचंच, कारण ते त्याला सलाहुद्दीनच्या मुलानं, अल-अफदलनं, स्वतः सांगितलं. पोरगा सतरा-अठरा वर्षांचा, पहिलीच मोठी लढाई. फ्रँक टेकडीवरून चढाई करून येतात, बापाचा चेहरा उतरतो, तो दाढी मुठीत धरतो. फ्रँक मागे हटतात. मुलगा ओरडतो, हरवलं त्यांना! पुन्हा चढाई, पुन्हा माघार, पुन्हा तोच ओरडा. बाप वळून म्हणतो, गप बस! तो तंबू पडत नाही तोवर आपण त्यांना हरवलेलं नाही. राजाचा तंबू तेवढ्यात पडतो.

लॅटिन बाजूला असा माणूस म्हणजे टायरचा विल्यम. जन्म जेरुसलेमचा, शिक्षण फ्रान्स-इटलीत, ११७५ पासून टायरचा आर्चबिशप. जेरुसलेमचा राजपुत्र बाल्डविन (हा निराळा बाल्डविन) याला तो शिकवायचा. मुलं खेळताना एकमेकांच्या हातांना नखं लावत, बाकीची ओरडत, बाल्डविन हूं की चूं करत नसे. आधी विल्यमला वाटलं, पोरगा सोशीक आहे. मग नीट पाहिलं तर उजवा हात निम्मा बधिर. ती महारोगाची सुरुवात होती, आणि हे मूल पुढे राजा झालं.

बाल्डविनच्या बापानं, राजा अमालरिकनं, विल्यमला अरबी ग्रंथ मिळवून दिले आणि पूर्वेकडच्या राज्यकर्त्यांचा इतिहास लिहायला सांगितलं. मुहम्मदांच्या काळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा तो इतिहास विल्यमनं लिहिलाही. तो हरवला. उरला तो फ्रँक राज्याचा इतिहास, तेवीस भागांचा. त्यातलं बाराव्या शतकातल्या सत्ताधाऱ्यांवरचं बोलणं वाचताना टेम्पलर हे लढाऊ साधू, सरदार, धर्माधिकारी कुणीच सुटत नाही. सलाहुद्दीन इतका बलवान का झाला याचं उत्तर देताना तो पहिलं बोट आपल्याच लोकांच्या पापाकडे दाखवतो, आणि मग मुसलमानांच्या एकीकडे. इब्न अल-अथीरनं १०९९ बद्दल जे लिहिलं त्याची ही नेमकी उलटी बाजू.

तेविसाव्या भागाच्या प्रस्तावनेत विल्यम म्हणतो, की लिहायचं सोडून देणार होतो. ज्या देशाची कीर्ती गायची त्याच्या विपत्तीच सांगायची वेळ आली. पण लोकांनी आग्रह केला, रोमन इतिहासकार लिव्हीनं रोमच्या पराभवांचीही नोंद ठेवली होतीच, तेव्हा लिहितो. त्यानंतर एकच प्रकरण आहे. ११८४ सालापाशी, गी नावाच्या बेभरवशाच्या सरदाराचा राजाशी चाललेला तंटा सांगता सांगता, मजकूर संपतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तोच गी राजा होऊन हत्तीनला सैन्य घेऊन गेला, आणि पडलेला तो तंबू त्याचाच होता.